ती टिक मी काढली नाही

"हे असंच असतं, तुम्ही फक्त ओके दाबा," असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा स्वभाव कॉम्प्युटरमुळे आलेला नाही. तो सानगडीच्या घरातून आला, बाबांकडून आला, आणि त्याने माझं नुकसानही भरपूर केलं आहे. साकोलीच्या कॉलेजातल्या एका आठवड्यात मात्र त्याने मला तारलं, आणि त्याच आठवड्यात मला तोंडघशीही पाडलं. दोन्ही सांगते, कारण पहिलं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय आणि दुसरं कोणालाच नाही.

गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. मी तासिकेवर शिकवायची, म्हणजे तास झाला की माझं कॉलेजात काही काम नाही असं कॉलेजचं मत होतं. माझं मत वेगळं होतं. ग्रंथालयामागे खेळाच्या सामानाची एक खोली होती, ती मी मागून घेतली. ऑफिसने टाकून दिलेली मशिनं उघडून, एकाचं काढून दुसऱ्याला लावून, त्यातून पाच चालती केली. मुलींचे तास साडेबाराला संपायचे आणि गावाकडची एसटी तीनला. मधला वेळ त्या स्टँडवर उभं राहून काढायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरा झेलत. आता त्या माझ्या खोलीत येऊ लागल्या.

मशिनं जुनी, त्यांना नवं काही झेपत नव्हतं. चोरीची सीडी घालायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मग लिनक्स टाकलं. ते कोणीही घ्यावं, उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं असं असतं. कॉलेजात त्याला "म्याडमचं फुकटवालं" म्हणत. म्हणू देत. मुली त्यावर टायपिंग शिकल्या, अर्ज करू लागल्या, मेल पाठवू लागल्या.

वायफाय तेव्हा जुन्या पद्धतीचं होतं. साऱ्या कॉलेजला मिळून एकच पासवर्ड, आणि तो ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहिलेला. एकाच किल्लीने सगळ्यांची कुलपं उघडतात तेव्हा कोणाचंच कुलूप कुलूप नसतं, हे मी दोनदा लेखी दिलं होतं. तिसऱ्यांदा देण्याआधीच व्हायचं ते झालं. आमच्या खोलीत बसणाऱ्या एका मुलीची मेल कोणीतरी मधल्यामध्ये वाचली, मेलच्या प्रती काढल्या आणि तिच्या घरी पोचत्या केल्या. मेलमध्ये गैर काहीही नव्हतं. एका मुलाने नोट्स मागितल्या होत्या आणि तिने त्या हसतखेळत दिल्या होत्या. तिचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं. मी तिच्या घरी गेले, तर तिच्या आईने पाणी दिलं आणि मुलगी आत बसली आहे एवढंच सांगितलं. कोणी वाचलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्यांनी पासवर्ड फळ्यावर लिहिला होता त्यांना कोणी काही विचारलंही नाही. तो राग माझ्यात अजून आहे.

त्यानंतर कॉलेजने नवं वायफाय बसवलं. ठेकेदार नागपूरचा. आता प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळाला. यातली खरी गोष्ट मात्र वेगळीच होती. नव्या पद्धतीत मशीन आपला पासवर्ड सांगण्याआधी समोरच्या सर्व्हरकडे ओळखपत्र मागतं. तू खरंच आमच्या कॉलेजचा सर्व्हर आहेस की कोणी रस्त्यावर तसंच नाव लावून बसलायस? ओळखपत्र पटलं तरच पुढचं बोलणं, नाहीतर बोलणं बंद. हे मागायचं की नाही याची एक टिक असते. ठेकेदाराने ऑफिसच्या आणि लॅबच्या सगळ्या मशिनांवरची ती टिक सरसकट काढून टाकली होती, कारण तेवढंच काम कमी. त्या मशिनांना कोणीही दारात येऊन "मी कॉलेज" म्हटलं की ती पासवर्ड देऊन मोकळी होणार होती.

माझ्या पाचही मशिनांवर मी टिक ठेवली, सर्व्हरचं ओळखपत्र पेनड्राइव्हवर आणून घातलं, आणि जोडायला लावलं. जुळेना. कोपऱ्यातलं चिन्ह फिरत राहायचं आणि मिनिटाभराने पुन्हा पासवर्ड विचारणारी चौकट यायची. पासवर्ड बरोबर होता. तरी तीच चौकट.

ठेकेदार आला, त्याने बघितलं, हसला.

"म्याडम, कायले एवढा तरास घेऊन राहिल्या? हे टिक काढा ना. दोन मिनिटात चालू होईन."

"टिक काढली तर मशीन कोणावरही भरवसा ठेवेल."

"आमच्यावर भरवसा नाई का तुमचा?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या नावाने येणाऱ्यावर नाही."

हे त्याला पटलं नाही. त्याने प्राचार्यांना सांगितलं की म्याडमचं फुकटवालं नव्या वायफायला चालतच नाही. सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. शनिवारी बाहेरची समिती कॉलेज बघायला येणार होती. तोवर खोलीतली मशिनं नेटला जोडलेली दिसली तर ठीक, नाहीतर ती भंगारात जातील आणि खोली पुन्हा खेळाच्या सामानाला मिळेल.

"टिक काढून टाका ना, म्याडम," प्राचार्य म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "ठेकेदार म्हणतो, कोणालाच काही फरक पडत नाही."

"एका मुलीला पडला, सर."

ते फाइल चाळायला लागले. मी शनिवारपर्यंतची मुदत घेऊन बाहेर आले.

टिक काढणं खरंच दोन मिनिटांचं काम होतं. कोणाला कळलंही नसतं. मुलींच्या खोलीसाठी ते करावं असं माझ्या मनात आलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्या टिकेत माझं जुनं काहीतरी अडकलेलं होतं. मी दहा वर्षांची असताना बाबांबरोबर बाजारात गेले होते. एका दुकानाच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलं, "कोनाची व पोरगी तू? आडनाव काय?" आडनाव कशासाठी विचारतात हे आमच्या मोहल्ल्यातल्या लेकरांना फार लवकर कळायचं. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तरी ओट्यावरचा प्रश्न बदलला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं तर बाबांनी माझा हात दाबला. ते राइस मिलमध्ये पोती उचलायचे, बोलायचे कमी. त्या माणसाकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "आधी तुमी सांगा, तुमी कोन?" माणूस दुकानात वळला. घरी येताना बाबा मला म्हणाले, "विचारनाऱ्याले आधी विचारावं. मंग आपलं सांगावं. लपवाचं काई नाई, पन आधी त्यानं सांगावं."

आयुष्यभर मीच ओळख पटवत आले होते. प्रवेशाला, खोली भाड्याने घेताना, नोकरीला. आणि इथे हे एक मशीन होतं, जे आपला पासवर्ड हातात धरून वरच्याला विचारत होतं, आधी तू सांग. त्याचं हे विचारणं मी माझ्या हाताने बंद करणार? ते शक्य नव्हतं.

मंगळवार आणि बुधवार मी वायरलेस कार्डांच्या मागे लागले. ती कार्डं वेगवेगळ्या मशिनांतून काढलेली होती, त्यांना लिनक्सवर चालवणं तेव्हा कटकटीचं असायचं. एकाचं ड्रायव्हर बदललं, दुसऱ्यासाठी लॅबमधून फर्मवेअर उतरवून आणलं. टिक काढून फक्त एकदा बघितलं, तेही खोटं नाव आणि खोटा पासवर्ड घालून. सर्व्हरने तो पासवर्ड मागून घेतला आणि नाकारला. म्हणजे कार्ड बोलत होतं, सर्व्हर ऐकत होता. टिक पुन्हा लावली की सगळं अडायचं. याचा अर्थ भांडण ओळखपत्रावरच होतं. मग मी सरळ ठरवून टाकलं की ठेकेदाराचं ओळखपत्रच खोटं किंवा अर्धवट असणार. मला ते तसंच हवं होतं, हे आज कबूल करते. बुधवारी मी त्याला फोनवर नाही नाही ते ऐकवलं. त्याने ओळखपत्र पुन्हा पाठवलं. ते पहिल्यासारखंच होतं, अक्षर न् अक्षर.

मशीन दर वेळी काय घडलं त्याची नोंद लिहून ठेवत असतं. ती मी वाचत होते, पण शेवटच्या दहा ओळी. त्यात फक्त "जोडणी तुटली" असं असायचं. का तुटली ते वर कुठेतरी असणार. तेवढं वर जायची मला घाई नव्हती, कारण का तुटली ते मला आधीच ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

गुरुवारी दुपारी एक मशीन जोडलं गेलं. खिडकीजवळचं. टिक तशीच, ओळखपत्र तेच, आणि कोपऱ्यात चिन्ह स्थिर. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी शिपायाला सांगून प्राचार्यांना बोलावून आणलं, त्यांनी बघितलं, मान डोलावली. मी रुबाबात घरी गेले.

शुक्रवारी सकाळी तेच मशीन पुन्हा चौकट दाखवत होतं. प्राचार्य व्हरांड्यातून जाताना थांबले, चौकटीकडे बघितलं आणि पुढे गेले. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

आदल्या दिवशी दुपारी त्या मशिनवर एकच मुलगी बसली होती. ती तलावाकाठच्या गावातली, घरी मासेमारी. फार बोलायची नाही, पण काम सोडायची नाही. मी तिला विचारलं, "काल तू काय केलं होतंस?"

"काई नाई, म्याडम."

"काहीतरी केलंस. आठव."

तिला वाटलं मी रागावलेय. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"माझी फाइल यादीत सारखी खालीच जाऊन राहिली होती," ती म्हणाली. "तारीख चुकीची पडत होती तिची. मंग काल मशीन चालू करताना मी एफ-वन नाई दाबलं. स्क्रीनवर दुसरं बटन बी सांगते, थे दाबलं. तिथी तारीख लिवाची जागा होती. मी बरोबर लिवली."

'एफ-वन' ऐकलं तशी मी खुर्चीतून उठले.

आमच्या खोलीत एक रीत होती. सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि मशीन थांबायचं. मग एफ-वन दाबायचं आणि पुढे जायचं. पहिल्याच दिवशी मी मुलींना शिकवलं होतं, "ते काही वाचू नका, एफ-वन दाबा." नव्या मुलीला जुनी मुलगी तेच शिकवायची. त्या दोन ओळींत काय लिहिलंय ते मला माहीत होतं. मशिनच्या आतल्या घड्याळाचा सेल मेला आहे, मला आजची तारीख आठवत नाही, एवढंच ते बिचारं रोज सकाळी सांगत होतं. पाचही मशिनांचे सेल मेलेले होते. नवे आणायचं मी पुढे ढकललं होतं. मशीन सुरू झालं की डिस्क तपासत बसायचं, तर मी म्हणायचे डिस्क जुनी आहे, पाणी पिऊन या. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं आणि मुली हसायच्या, म्हणून मी ते घड्याळच काढून टाकलं होतं. वेळ भिंतीवर बघा म्हटलं होतं.

मी नोंद उघडली आणि या वेळी वरून वाचली. तिसऱ्या पानावर ती ओळ होती. ओळखपत्र अजून लागू झालेलं नाही. एकदा नाही, सोमवारपासून शेकडो वेळा. ओळखपत्र गेल्याच महिन्यात बनवलेलं, आणि माझी मशिनं आपापल्या परीने आठ-नऊ वर्षं मागे उभी होती. त्यांच्या हिशेबाने ते ओळखपत्र जन्मालाच यायचं होतं. त्यांनी ते नाकारलं यात त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. ठेकेदाराचंही नव्हतं.

विचारणाऱ्याला आधी विचारा, असं बापाचं वाक्य मिरवत फिरणारी मी, आणि मीच डझनभर मुलींना न वाचता बटन दाबायला शिकवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी ठेकेदाराला फोन केला आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो खुशीत म्हणाला, "मंग आता टिक काढता ना?" मी म्हटलं, "चूक माझी होती. टिकेची नव्हती." आणि फोन ठेवला.

एक गोष्ट उरली होती. मुलीने गुरुवारी तारीख लिहिली, ती शुक्रवारी कशी पुसली गेली? सेल मेलेला असला तरी भिंतीतली वीज चालू असेपर्यंत मशीन वेळ धरून ठेवतं. मी शिपायाला विचारलं. कॉलेज सुरू झाल्यापासून तो तिथे होता, निवृत्तीला आलेला.

"मी तं रोज पाच वाजता मेन स्विच खाली करतो," तो म्हणाला. "एक डाव इज पडली, अन् ऑफिसातला मोडेम जळला. तवापासून मी करतो. सायबानं नाई सांगितलं, मीच ठरवलं."

"एवढे दोन दिवस नाही केलं तर?"

"नाई, म्याडम. थे मी करनारच."

अडेल माणसाशी अडेल माणसाने काय बोलायचं? मी तिथून थेट स्टँडवरच्या घड्याळवाल्याकडे गेले. मशिनला लागणारा चपटा गोल सेल त्याच्याकडे होता, पण तीनच. बाकीचे दोन भंडाऱ्याहून मागवावे लागतील, सोमवारी येतील. शनिवार दुसऱ्या दिवशी होता.

तीन मशिनांत सेल बसवले. दोन उरली. शिपाई दारात उभा राहून बघत होता.

"काय लिवाचं असते त्याच्यात?"

"आजची तारीख आणि वेळ."

"तारीख तं मी रोज लिवतो, फळ्यावर. मशीनमंदी बी लिवीन. कसं कराचं थे दाखवा."

मी दाखवलं नाही. मासेमारांच्या घरच्या त्या मुलीला म्हटलं, तू दाखव, तूच शोधलंस. तिने त्याला काळ्या पडद्यावरच्या दोन्ही ओळी आधी वाचून दाखवल्या, अर्थ सांगितला, आणि मग बटन दाखवलं. बाकीच्या मुली गोळा झाल्या. एकीने विचारलं की तारीख चुकली तर नेटवाल्याला काय करायचं आहे. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, बाजारातल्या त्या ओट्यासकट. मशीन पासवर्ड देण्याआधी समोरच्याला विचारतं, ओट्यावरच्या माणसाला बाबांनी विचारलं तसं. घरी बसवलेल्या त्यांच्या मैत्रिणीचं नाव मी घेतलं नाही, पण खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं.

शनिवारी सकाळी शिपाई फळ्यावर तारीख लिहून आला, हात धुतले, आणि दोन्ही मशिनांत तीच तारीख एका बोटाने लिहिली. पाचही मशिनं जोडली गेली. टिक जागच्या जागी.

समिती दुपारी आली. प्राचार्य पुढे, मागे तिघे पाहुणे. त्यातल्या एकाने खिडकीजवळच्या मशिनवर नेट चालू आहे का ते स्वतः बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. खोली राहिली, हे प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळलं.

मग जाता जाता त्या पाहुण्याने, सहज, सवयीने, खुर्चीवर बसलेल्या तलावाकाठच्या त्याच मुलीला विचारलं, "नाव काय बाळ तुझं? आडनाव?"

मुलीने कीबोर्डवरचे हात काढले, उठून उभी राहिली, आणि तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "सर, आधी तुमी सांगा, तुमी कोन?"

प्राचार्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाचलेली खोली आता पुन्हा जाणार असं मला वाटलं. माझ्या तोंडाशी "सॉरी सर, लेकरू आहे" आलं होतं. मी ते गिळलं. मग त्या माणसाने घसा साफ केला आणि आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, आणि आपण कुठून आलो तेही सांगितलं.

"मी," ती म्हणाली, आणि तिनेही आपलं पूर्ण नाव सांगितलं.